घोड्याच्या रक्तातली ढाल

कुत्रा चावलेला रुग्ण दवाखान्यात येतो. जखम खोल असते. लसीबरोबर जखमेत सीरमही टोचून घ्यावे लागेल आणि ते सीरम घोड्याच्या रक्तापासून बनवलेले असते, असे मी सांगितले की समोरचा माणूस हमखास चमकतो. ‘डॉक्टरसाहेब, चावलं कुत्र्यानं आणि औषध घोड्याचं?’ असा प्रश्न येतो. कोणी विचारते, ‘जनावराचं रक्त माणसाला चालेल का?’ काही जण समजून घेतात आणि सीरम घेतात. काही जण मात्र ‘नुसती लस द्या, ते घोड्याचं राहू द्या’ म्हणतात. मला खरी काळजी वाटते ती या लोकांची.

म्हणून आजचा विषय थोडा वेगळा घेतला आहे. घोड्याचे शरीर विषाणूंशी कसे लढते आणि त्या लढाईतले हत्यार माणसाच्या जिवाला कसे उपयोगी पडते, हे आज पाहू.

आपल्या भागात घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. नाहीतर बदलापूर, वांगणी मागे टाकून नेरळला उतरावे आणि माथेरान गाठावे, की दस्तुरी नाक्यावर घोडेवाले गाठ घालतात. एवढीच काय ती आपली आणि घोड्याची ओळख. परंतु गेली सव्वाशेहून अधिक वर्षे हे जनावर वैद्यकशास्त्राच्या चाकरीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

घोड्याला फ्लू होतो तेव्हा

माणसाप्रमाणे घोड्यालाही फ्लू होतो. घोड्याच्या फ्लूचा विषाणू वेगळा असतो आणि तो सहसा माणसाला लागत नाही. आपल्या देशात त्याची मोठी साथ १९८७ साली आली होती. त्यानंतर २००८ मध्ये जम्मूतील कटरा येथे, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या घोड्या-खेचरांमध्ये साथ सुरू झाली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली.

हा विषाणू श्वासावाटे आत शिरतो आणि नाक व श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींवर हल्ला करतो. या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ व जंतू बाहेर लोटण्याचे काम ते करतात. शरीराचा हा पहिला उंबरठा होय. तोच मोडला की विषाणू आत घुसतो.

मग दुसरी फळी उभी राहते. ज्या पेशीत विषाणू शिरला ती पेशी मरता मरता इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. गल्लीत चोर शिरल्यावर पहिल्या घरातल्या माणसाने ओरडावे आणि शेजाऱ्यांनी दारांना कड्या लावाव्यात, तसे हे काम चालते. शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला आपल्या आत वाढू देत नाहीत. हे सारे काही तासांतच घडते. याच वेळी घोड्याला ताप चढतो. घोड्याचे नेहमीचे तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. फ्लूमध्ये ते एक्केचाळीस अंशांपर्यंतही जाते. ताप हा लढाईचाच एक भाग आहे. तापलेल्या शरीरात अनेक विषाणूंची वाढ मंदावते.

तिसरी फळी सर्वांत महत्त्वाची, पण ती सावकाश येते. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी विषाणूची नेमकी ओळख पटवतात. त्यांतील टी-पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी शोधून मारतात. बी-पेशी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी तयार करतात. प्रतिपिंड ही इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या आकाराची प्रथिने असतात. त्यांची दोन टोके विषाणूला जाऊन चिकटतात. विषाणू ज्या किल्लीने आपल्या पेशीचे कुलूप उघडतो, त्या किल्लीवरच ती बसतात. किल्ली निकामी झाली की विषाणू बाहेरच राहतो.

ही तिसरी फळी उभी राहायला साधारण आठवडाभर तरी लागतो. मात्र एकदा उभी राहिली की तिची आठवण शरीर जपून ठेवते. तोच शत्रू पुन्हा आला तर प्रतिपिंडे भराभर तयार होतात. लसीकरणाचे सारे शास्त्र या आठवणीवरच उभे आहे.

फ्लू झालेल्या घोड्याच्या बाबतीत पशुवैद्यक एक नियम सांगतात. जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती. कारण श्वासनलिकेचे मोडलेले अस्तर पुन्हा भरून यायला सुमारे तीन आठवडे लागतात. ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी लोकल पकडून कामावर धावणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे.

शिंगराचा पहिला घोट

प्रतिपिंडे उसनी घेता येतात, हे निसर्गानेच शिकवले आहे. त्याचे उत्तम उदाहरण घोडीच्या पोटी जन्मणारे शिंगरू.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून, म्हणजे गर्भातच मिळतात. घोडीची वार वेगळ्या रचनेची असते. तिच्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. त्यामुळे शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. जन्मल्यानंतर तासा-दोन तासांत ते धडपडत उभे राहते आणि आईच्या सडाला लागते. त्या वेळी त्याला मिळतो तो चीक. गाई-म्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तोच हा पदार्थ. त्यात आईची प्रतिपिंडे ठासून भरलेली असतात. शिंगराच्या आतड्यातून ती सरळ रक्तात जातात. पण हे दार फार काळ उघडे राहत नाही. पहिल्या काही तासांत ते पुरते उघडे असते आणि चोवीस तासांत जवळपास बंद होते. ज्या शिंगराला वेळेवर चीक मिळत नाही, ते पुढे साध्या जंतूनेही दगावू शकते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दुसऱ्याने तयार केलेली प्रतिपिंडे जीव वाचवू शकतात. दोन, ती वेळेवरच मिळायला हवीत. पुढील सारा विषय याच दोन गोष्टींवर आधारलेला आहे.

जाता जाता एक सांगतो. माणसाच्या बाळालाही आईचे पहिले पिवळसर दूध अवश्य पाजावे. ते पिळून टाकून देण्याची जुनी समजूत अजूनही काही घरांत आढळते. ती सर्वस्वी चुकीची आहे.

रेबीजपुढे घोडाही हरतो

आता रेबीजकडे वळू. पिसाळलेला कुत्रा घोड्याला चावला तर घोड्यालाही रेबीज होतो आणि तो मरतो. मग त्याच्या रक्तात रेबीजविरुद्ध औषध आले कोठून, असा प्रश्न वाचकांना पडेल.

रेबीजचा विषाणू मोठा कावेबाज आहे. लाळेतून तो जखमेत उतरतो आणि तेथून जवळच्या मज्जातंतूत शिरतो. रक्तातून तो फिरत नाही. मज्जातंतूच्या आतून, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा चालीने, तो पाठीच्या कण्याकडे आणि मेंदूकडे सरकतो. या प्रवासात शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. त्यांना जाग येते तेव्हा तो मेंदूत पोहोचलेला असतो. म्हणून चाव्यानंतर लक्षणे दिसायला सहसा एक ते तीन महिने लागतात, कधी याहून कमी तर कधी खूप जास्त. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ सगळेच रुग्ण दगावतात. माणूस असो वा घोडा, गत एकच.

घोड्याच्या प्रतिकारशक्तीत हा विषाणू ओळखण्याची कुवत नाही असे नाही. तिला वेळेवर खबर मिळत नाही, हे खरे दुखणे. ही खबर आधीच पोहोचवली तर? सीरम बनवणारे नेमके तेच करतात.

सीरम कसे तयार होते

निरोगी घोडे निवडून त्यांची तपासणी करतात. त्यांना मारलेल्या, म्हणजे रोग निर्माण न करू शकणाऱ्या रेबीज विषाणूची लस वाढत्या मात्रेने पुन्हा पुन्हा टोचली जाते. प्रत्येक मात्रेनंतर घोड्याच्या बी-पेशी अधिकाधिक प्रतिपिंडे तयार करतात. घोडा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचा मोठा साठा होतो. मग मानेच्या शिरेतून ठरावीक रक्त काढतात. त्यातील पिवळसर द्रव वेगळा करतात आणि अनेक ठिकाणी तांबड्या पेशी घोड्याला परत देतात, म्हणजे त्याला अशक्तपणा येत नाही.

या कामासाठी घोडाच का? एक तर जनावर मोठे. पाचशे किलोच्या घोड्याच्या अंगात पस्तीस-चाळीस लिटर रक्त असते. दुसरे म्हणजे तो शिकवल्यावर शांत उभा राहतो आणि त्याची प्रतिपिंडे भरपूर तयार होतात.

पूर्वी हे सीरम जवळजवळ जसेच्या तसे टोचत असत. त्यामुळे अंगावर गांधी उठणे, सांधे दुखणे असे त्रास बरेच होत. आता पेप्सिन नावाच्या पाचक रसाने प्रतिपिंडाचा खालचा दांडा कापून टाकतात आणि विषाणूला चिकटणारी दोन टोके तेवढी ठेवतात. त्रास मुख्यतः त्या दांड्यामुळे होत असे. म्हणजे आज रुग्णाला जे टोचतात ते घोड्याचे ‘रक्त’ नव्हेच. ते गाळून, कापून, शुद्ध केलेले प्रथिन आहे.

परळ, पिंपरी, पुणे

या विद्येची सुरुवात जर्मनीत झाली. १८९० मध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प यांविरुद्धची प्रतिकारशक्ती एका जनावराच्या रक्तद्रवातून दुसऱ्याला देता येते. पुढे चार वर्षांत पॅरिसमध्ये घोड्याच्या सीरमने घटसर्पाची मुले वाचू लागली. वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेहरिंग यांना मिळाले ते याच कामासाठी.

आपल्या मुंबईत परळच्या जुन्या राजभवनात १८९९ साली प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ मध्ये तिला तिचे संस्थापक हाफकिन यांचे नाव मिळाले. हाफकिनच्या पिंपरी येथील केंद्रात घोडे पाळून सर्पदंश, धनुर्वात, घटसर्प आणि रेबीज यांवरील सीरम तयार करण्यात आली.

पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा व्यवसाय होता. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे सीरमसाठी हाफकिनला दिले जात. घोडे आपले, तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. आज जगभर लस पुरवणाऱ्या या संस्थेच्या नावातले ‘सीरम’ घोड्याच्या तबेल्यातून आले आहे.

अगदी अलीकडे, २०२० मध्ये, आयसीएमआर आणि हैदराबादची बायोलॉजिकल ई कंपनी यांनी करोनाविरुद्धही घोड्यांपासून सीरम तयार केले होते. म्हणजे नवा विषाणू आला की शास्त्रज्ञांना अजूनही घोडा आठवतो.

उसने धान्य आणि घरची पेरणी

आता मूळ प्रश्न. लस घेतली तर सीरम कशाला?

लस म्हणजे घरची पेरणी. ती आपल्या शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते. पीक भरघोस येते आणि टिकते, पण हाती यायला सात ते चौदा दिवस लागतात. सीरम म्हणजे उसने धान्य. ते त्याच क्षणी उपयोगी पडते, पण काही आठवड्यांत संपते. खोल जखमेत विषाणू भरपूर उतरलेला असतो. चेहरा, डोके, मान किंवा बोटे यांवर चावा असेल तर मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदूचे अंतरही कमी असते. अशा वेळी पीक येईपर्यंत थांबता येत नाही. मधल्या दिवसांची बेगमी उसन्या धान्यावरच करावी लागते.

याचा पुरावा १९५४ साली इराणमध्ये मिळाला. एका खेड्यात पिसाळलेल्या लांडग्याने एकाच रात्री २९ जणांना चावे घेतले. त्यांतील अठरा जणांच्या डोक्याला जखमा होत्या. पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतील तिघे दगावले. तेरा जणांना लसीबरोबर सीरमही मिळाले, त्यांतील एकच दगावला. कवटी फुटलेला एक मुलगाही वाचला. तेव्हापासून मोठ्या चाव्यासाठी लस व सीरम दोन्ही द्यायची, हे जगभर मान्य झाले आहे.

सीरम दंडात किंवा कमरेत टोचण्यापेक्षा जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचणे महत्त्वाचे. विषाणू मज्जातंतूत शिरण्यापूर्वी जखमेतच असतो. चोर अंगणात असतानाच त्याला धरायचे. घोड्याच्या सीरमची मात्रा वजनाच्या दर किलोला ४० युनिट, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला जास्तीत जास्त २००० युनिट. माणसाच्या रक्तापासून बनवलेले सीरमही मिळते. त्याची मात्रा निम्मी असते, पण ते बरेच महाग पडते. आता घोडा किंवा मानवी रक्त यांवर अवलंबून नसलेली, प्रयोगशाळेत तयार केलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडेही आली आहेत. त्यांतले एक औषध सीरम इन्स्टिट्यूटनेच २०१७ मध्ये बाजारात आणले. कोणतेही मिळाले तरी चालेल, पण मिळायला हवे.

भीती किती खरी?

घोड्याच्या सीरमने थोड्या रुग्णांना, म्हणजे शंभरात एक ते सहा जणांना, आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, खाज किंवा सांधेदुखी होते. ती औषधाने बरी होते. तीव्र अॅलर्जी फार क्वचित होते. तिच्यावरचे इंजेक्शन जवळ ठेवूनच डॉक्टर सीरम देतात. पूर्वी दमा, अॅलर्जी किंवा घोड्याच्या सीरमचा त्रास झाला असेल तर आधी सांगावे, लपवू नये. तराजूच्या एका पारड्यात चार दिवसांची खाज आणि दुसऱ्यात रेबीज आहे. निर्णय अवघड नाही.

दुसरी भीती ‘पोटातल्या चौदा इंजेक्शनां’ची. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच खेपा लस घ्यावी लागते. खेपा किती हे पद्धतीवर अवलंबून असते. पोटात काही टोचत नाहीत.

कुत्रा चावल्यास काय करावे?

१. ताबडतोब वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी. साबणाने या विषाणूचे आवरण विरघळते. नंतर आयोडिनचे जंतुनाशक लावावे.

२. जखमेवर हळद, मिरचीपूड, चुना, तेल, कॉफी असले काहीही लावू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

३. शक्यतो टाके घालू नयेत. घालावेच लागले तर सीरम टोचल्यानंतर, सैलसर.

४. त्वचा फाटून रक्त आले, किंवा आधीच्या जखमेवर, ओठांवर, डोळ्यांवर लाळ लागली, तर तो तिसऱ्या प्रतीचा धोका समजावा. यात लस आणि सीरम दोन्ही हवीत. नुसते रक्त न येणारे ओरखडे असतील तर लस पुरते.

५. सीरम पहिल्याच दिवशी घ्यावे. त्या दिवशी मिळाले नाही तर लस सुरू करून, पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घ्यावे. त्यानंतर देऊ नये, कारण तोवर आपली प्रतिपिंडे तयार होऊ लागतात.

६. लसीच्या सर्व तारखा पाळाव्यात. मधेच सोडू नये. गरोदर स्त्री व तान्हे मूल यांनाही लस व सीरम देता येते.

७. कुत्रा पाळीव असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी. पण उपचार सुरू करायला तेवढे दिवस थांबू नये.

८. पूर्वी लसीचा पूर्ण क्रम घेतला असेल तर सीरम लागत नाही. लसीच्या दोन खेपा पुरतात. जुना कागद जपून ठेवावा.

मांजर, माकड, मुंगूस यांच्या चाव्यालाही हेच नियम लागू आहेत.

सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. सीरम प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. लस घेताना ‘सीरम लागेल का आणि इथे मिळेल का?’ हे स्पष्ट विचारा. नसेल तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी चौकशी करा.

लहान मुलांविषयी शेवटचे. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत पंधरा वर्षांखालील मुले फार मोठ्या संख्येने असतात. मुले उंचीने लहान, त्यामुळे चावा तोंडावर, मानेवर बसतो. शिवाय आई-वडील रागावतील म्हणून ती चावा लपवतात. देवळाच्या आवारात, मैदानात, शिकवणीच्या वाटेवर भटकी कुत्री असतातच. तेव्हा आजच घरातल्या मुलांना जवळ बसवून सांगा, ‘कुत्रा चावला, ओरखडला, नुसता चाटला तरी लगेच घरी सांगायचं. कोणी रागावणार नाही.’